उधाणाची वेळ आणि किनाऱ्यावरची खबरदारी

समुद्रकाठी राहणाऱ्या माणसावर कोसळणाऱ्या आपत्तींमध्ये उधाणाच्या भरतीचा विशेष असा की, ती आगाऊ कळवून येते. भूकंप कोणाला सांगून येत नाही, वीज कोठे पडेल हे कोणी जाणत नाही. परंतु चंद्र आणि सूर्य यांच्या गतीशी बांधलेली भरती कोणत्या दिवशी, किती वाजता आणि किती उंचीची येणार याचा सारा तपशील भारतीय सर्वेक्षण खात्याच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकांत वर्षारंभापूर्वीच छापून तयार असतो. असे असूनही डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर दर पावसाळ्यात घरांत पाणी शिरते, बांध फुटतात, होड्या आपटून फुटतात आणि खडकावर उभी असलेली माणसे लाटेबरोबर ओढली जातात. याचे कारण माझ्या मते अज्ञानापेक्षा एका सवयीत अधिक आहे : भरतीची वेळ आपल्याला ठाऊक असते, परंतु त्या वेळेभोवती आपण आपली कामे आखत नाही. त्यासाठी पाळावयाची शिस्त अवघड नाही आणि तिला खर्चही फारसा लागत नाही.

अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळजवळ एका रेषेत येतात, दोघांचे आकर्षण एकमेकांस पोषक होते आणि भरती उंच चढून ओहोटी खोल उतरते, हे उधाण. अष्टमीच्या आसपास ही आकर्षणे एकमेकांशी काटकोनात काम करतात आणि पाण्याची चढउतार मंदावते, तो भांग. उधाणाचा कळस मात्र नेमक्या अमावास्येला किंवा पौर्णिमेला होत नाही, तर साधारणतः त्यानंतर एक-दोन दिवसांनी होतो, आणि त्याचा जोर पुढेही दोन-तीन दिवस टिकतो. सुमारे साडेसत्तावीस दिवसांत चंद्र एकदा पृथ्वीच्या सर्वांत जवळ येतो. हे सामीप्य अमावास्या-पौर्णिमेच्या जवळपास घडले म्हणजे नेहमीच्या उधाणाहून मोठे उधाण येते. आपल्या किनाऱ्याची आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. दिवसातून येणाऱ्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. मुंबईच्या बाजूस पावसाळ्यातील उधाणाची मोठी भरती दुपारची असते, तर हिवाळ्यातील मोठी भरती मध्यरात्रीच्या सुमारास येते. ज्येष्ठ-आषाढातील दुपार ही म्हणूनच किनाऱ्याने विशेष सांभाळावयाची वेळ होय.

छापील कोष्टक हाताशी नसले तरी घराघरांतील दिनदर्शिका पुरेशी आहे. कोकणातील दर्यावर्दी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेला पाऊणपटीचा हिशेब मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्यावर आजही बऱ्यापैकी बरोबर उतरतो. त्या दिवशीची तिथी घ्यावी आणि तिची पाऊणपट करावी. जो आकडा येईल तितक्या वाजता, दिवसाही आणि रात्रीही, पूर्ण भरती असते. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता, आणि अमावास्या-पौर्णिमेस सव्वाअकराच्या सुमारास. एका पूर्ण भरतीपासून दुसरीपर्यंत सुमारे बारा तास पंचवीस मिनिटे लागतात, म्हणजे रोजची भरती आदल्या दिवसाच्या मानाने पाऊण तास ते पन्नास मिनिटे उशिरा येते. हा हिशेब अंदाजाचा आहे, हे मात्र विसरू नये. दक्षिणेकडे, मालवण-गोव्याच्या बाजूस, भरती मुंबईच्या मानाने आधी येते. उलट खाडीच्या मुखापासून जसजसे आत जावे तसतशी ती उशिरा पोहोचते. म्हणून प्रत्येक गावाने आपल्या धक्क्यावरची वेळ आणि कोष्टकातील वेळ यांतील फरक एकदा नीट पाहून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून ठेवावा. फळ्यावरची ती एक ओळ पुढे वर्षानुवर्षे गावाच्या उपयोगी पडेल.

वेळेइतकाच उंचीचा आकडा समजून घेणे अगत्याचे आहे, कारण त्याविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. वर्तमानपत्रात ‘आज साडेचार मीटरांहून उंच भरती’ असे छापून येते तेव्हा घराच्या उंबऱ्यावर साडेचार मीटर पाणी चढणार असा त्याचा अर्थ नसतो. ही उंची नौकानयनाच्या नकाशांसाठी ठरवलेल्या एका नीच पातळीपासून मोजलेली असते, आणि मुंबईस समुद्राची सरासरी पातळीच त्या पायारेषेहून सुमारे अडीच मीटर वर आहे. शिवाय मुंबईचा आकडा मुंबईपुरताच. गोव्याकडे उधाणाची चढउतार दोन मीटरांच्या आसपासची असते. तेथे मुंबईच्या मापाने धोका मोजू लागल्यास कधीच धोका नाही असे वाटेल. आपल्या अंगणाचा खरा आकडा अनुभवानेच काढावा लागतो. गेल्या उधाणाला पाणी कोठपर्यंत आले होते ती जागा भिंतीवर, दगडावर किंवा माडाच्या बुंध्यावर रंगाने खुणावावी आणि शेजारी त्या दिवशीची छापील उंची लिहावी. अशा चार-पाच खुणा जमल्या की, किती उंचीच्या भरतीला आपल्या दारात पाणी येते हे कोणासही विचारावे लागत नाही.

परंतु छापील उंची ही केवळ आकाशस्थ गोलांच्या गणिताने आलेली असते. तिच्यात हवेचा हिशेब नसतो, आणि खरा घात येथेच होतो. वायुभार एका मिलिबाराने उतरला की समुद्राची पातळी सुमारे एका सेंटिमीटरने वर येते. चक्रीवादळात वायुभार कित्येक मिलिबारांनी उतरतो आणि त्याहूनही मोठी भर वादळी वाऱ्याने किनाऱ्याकडे लोटलेल्या पाण्याची पडते. भरतीवर चढलेली ही वाढ कधी हातभर, तर कधी पुरुषभर उंचीचीही होऊ शकते. वादळ किनाऱ्यास लागते त्या प्रहरी भरती आहे की ओहोटी, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने अलिबागच्या दक्षिणेस किनारा ओलांडला तेव्हा पौर्णिमा अवघ्या दोन दिवसांवर आली होती. वादळाची बातमी ऐकताना त्याचा वेग आणि दिशा यांबरोबर त्या दिवशीची तिथी आपण पाहतो काय, हा प्रश्न प्रत्येक किनारवासीयाने स्वतःस विचारावा.

वादळ हा भरतीचा पहिला साथीदार, तर दुसरा साथीदार पाऊस. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, हे सर्वांस स्मरते. परंतु त्याच दुपारी साडेचार मीटरांच्या घरातील भरती होती, आणि शहरातील पावसाचे पाणी समुद्रात सोडणाऱ्या नाल्यांची बहुतेक मुखे भरतीच्या पातळीखाली असल्यामुळे ते पाणी बाहेर पडण्यास वाटच उरली नव्हती, ही गोष्ट तितकीशी स्मरत नाही. त्या दिवशी अमावास्या नव्हती, पौर्णिमाही नव्हती. आषाढी पौर्णिमा होऊन पाच दिवस लोटले होते. पाऊणपटीने वद्य पंचमीची भरती पावणेचारला येते, आणि पूर्ण भरती दुपारी त्याच सुमारास होती. म्हणून मुसळधार पावसाच्या दिवशी घराबाहेर पडताना एवढेच पाहावे की, आपल्या परतीची वेळ पूर्ण भरतीच्या आधीच्या व नंतरच्या दोन-दोन तासांत तर येत नाही ना. येत असेल तर निघू नये, अथवा जेथे आहो तेथेच थांबावे. ओहोटी लागल्यावर तोच रस्ता पुष्कळदा आपोआप मोकळा होतो.

तिसरा साथीदार सर्वांत फसवा. दक्षिणेकडे हजारो किलोमीटरांवर, अंटार्क्टिकाच्या बाजूस, उठलेल्या वादळांच्या लांब पल्ल्याच्या लाटा काही दिवसांचा प्रवास करून आपल्या किनाऱ्यास येऊन भिडतात. तेव्हा येथे आकाश निरभ्र असते, वारा पडलेला असतो आणि तरीही समुद्र एकाएकी वर चढतो. केरळच्या कोळ्यांना हा प्रकार फार जुन्या काळापासून परिचित आहे आणि कोकणालाही तो वर्ज्य नाही. अशा लाटांची पूर्वसूचना हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र देते, वादळाची आणि पावसाची हवामान खाते देते. ‘हवा तर चांगली आहे’ असे म्हणून ही सूचना उडवून लावणे हाच या बाबतीतला सर्वांत मोठा धोका होय. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, तातडीच्या मदतीचा ११२ आणि समुद्रात संकटात सापडलेल्यांसाठी तटरक्षक दलाचा १५५४ हे तीन क्रमांक दाराच्या आतल्या बाजूस मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत.

आता प्रत्यक्ष बंदोबस्ताकडे वळू. ज्या दिवशी मोठे उधाण आहे आणि वर सांगितलेल्या तिघांपैकी एकाचीही चाहूल आहे, त्या दिवशी आधीच्या ओहोटीचे सहा तास हीच कामाची वेळ समजावी. पाणी चढू लागल्यावर करावयाचे काम एकच, उंचावर जाणे. ओहोटीतच धान्याच्या कणग्या, अंथरुणे, विजेची उपकरणे आणि औषधे माळ्यावर चढवावीत. शिधापत्रिका, आधारपत्र, सातबाराचे उतारे, पासबुके, मुलांचे शाळेचे दाखले एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माणसाच्या हाताशी ठेवावेत. घरातील दप्तर एकदा खाऱ्या पाण्यात भिजले की कागदामागे कागद काढण्यात वर्ष जाते. दारापुढे गोण्या रचावयाच्या असतील तर त्या अर्ध्याच भराव्यात, म्हणजे त्या एकमेकींत बसतात व फट राहत नाही. पुष्कळांना ठाऊक नसते की, खोलगट वस्तीत समुद्राचे पाणी दारातून येण्यापूर्वी न्हाणीच्या मोरीतून आणि शौचकुपाच्या भांड्यातून उलटे वर येते. तेथेही कापडात बांधलेली वाळूची पिशवी दाबून ठेवावी. पिण्याचे पाणी दोन-तीन दिवसांचे भरून झाकावे. गॅसची टाकी बंद करून बांधून ठेवावी, कारण रिकामी झालेली टाकी पाण्यावर तरंगत जाते. विजेचा मुख्य खटका पाणी उंबऱ्याला लागण्यापूर्वीच पाडावा. पाण्यात उभे राहून त्याला हात लावण्यापेक्षा दिवे जळत सोडून निघून जाणे अधिक शहाणपणाचे. गुरांची दावी सोडावीत. बांधलेले जनावर गोठ्यातच बुडते, मोकळे सोडलेले आपली वाट आपण काढते.

वृद्ध, आजारी, गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांना उंचावरच्या नातलगांकडे किंवा शाळेच्या इमारतीत दिवसाउजेडी पोहोचवावे. रात्रीची भरती असेल तर हा नियम कसोशीने पाळावा. तलाठी किंवा पोलीस घर सोडण्याचा हुकूम देतात तेव्हा घराच्या काळजीने मागे राहणारा एक तरी माणूस प्रत्येक वाडीत निघतो, आणि मग त्याला आणण्यासाठी दुसऱ्या चौघांना जीव धोक्यात घालावा लागतो. या आग्रहाला कुटुंबातील वडीलधाऱ्यांनीच आवर घातला पाहिजे.

वाहत्या पाण्याविषयी दोन शब्द. घोट्याच्या वर आलेले वेगवान पाणी धडधाकट माणसाचे पाय उचलते आणि गुडघ्यापर्यंत पोहोचलेले पाणी मोटार तरंगवू शकते. गाडी बंद पडली आणि पाणी चढत असेल तर काचा खाली करून ताबडतोब बाहेर पडावे. २००५ साली मुंबईत बंद गाड्यांमध्ये बसून राहिलेली माणसे तेथेच गुदमरून गेली. शहरातील साचलेल्या पाण्यातून चालणे अगदी अटळच असेल तर काठीने पुढची जमीन चाचपीत, भिंतीच्या कडेने, एकमेकांचा हात धरून चालावे; पाण्याखाली उघडे गटार असू शकते.

पर्यटकांसाठी निराळे सांगितले पाहिजे, कारण गावकऱ्याला जी गोष्ट अंगवळणी पडलेली असते ती पाहुण्याला ठाऊकच नसते. हरिहरेश्वराचा प्रदक्षिणामार्ग खडकांच्या घळीतून पायऱ्या उतरून समुद्राच्या कडेने जातो. तो ओहोटीतच करावयाचा असतो आणि उधाणाच्या दिवशी, भरती लागलेली असताना, तेथे पाऊल टाकणे म्हणजे परतीची वाट आपल्या हाताने बंद करणे होय. यात्रेला आलेल्या भाविकांनी आधी देवळात वेळ विचारावी आणि मग उतरावे. देवदर्शनाचे पुण्य त्यामुळे उणे होत नाही. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला पायी गाठता येतो, पण उधाणाची ओहोटी जशी खोल असते तशी पाठोपाठची भरतीही झपाट्याने चढते. पाण्याचा वेग भरतीच्या मधल्या दोन तासांत सर्वांत अधिक असतो. म्हणून किल्ल्यातून निघण्याची वेळ आत शिरण्यापूर्वी ठरवावी आणि ती घड्याळाने पाळावी. अडकलोच तर किल्ल्यात सुरक्षित जागी बसून पुढच्या ओहोटीची वाट पाहावी; सहा तासांचा खोळंबा सोसवतो. पुळणीवर मोटार नेऊ नये. लाट पाहण्यासाठी मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर किंवा वांद्र्याच्या खडकांवर जमणाऱ्या तरुणांना माझी कळकळीची विनंती आहे की, समुद्राकडे पाठ करून छायाचित्र घेऊ नका; दहा लहान लाटांनंतर अकरावी केवढी येईल हे त्या खडकावर जन्म काढलेला कोळीही सांगू शकत नाही.

कोळीबांधवांना समुद्र शिकविण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. एवढेच नोंदवितो की, १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि नेमकी याच काळात मोठी उधाणे येतात. तेव्हा होडी गेल्या उधाणाच्या कचऱ्याची रेषा जेथे दिसते तिच्याही बऱ्याच वर ओढावी. खाडीत नांगरलेल्या होडीचे दोर उधाणाची चढ लक्षात घेऊन सैल सोडावेत. आखूड दोराने खाली धरून ठेवलेली होडी चढत्या पाण्याखाली जाते.

या सर्वांहून मोठा आणि सर्वांत उपेक्षित प्रश्न खारजमिनींचा आहे. पेण, अलिबाग, पनवेल या टापूंत आणि पुढे रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या खाड्यांकाठी मातीचे बांध घालून समुद्रापासून मिळवलेली भातशेती शेकडो वर्षांची आहे. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४८ साली आणि महाराष्ट्राने १९७९ साली खारजमिनींसाठी स्वतंत्र कायदे केले; परंतु कायद्याने बांध टिकत नाही, तो देखरेखीने टिकतो. बांध एका दिवसात फुटल्यासारखा दिसतो, प्रत्यक्षात त्याचे मरण कित्येक महिने आधी सुरू झालेले असते. खेकड्यांनी आणि उंदरांनी पोखरलेल्या बिळातून प्रथम बोटभर पाणी झिरपते, पुढच्या उधाणाला ते मनगटाएवढे होते, आणि एके दिवशी भरतीच्या वेळी त्या ठिकाणी खांड पडून गावची शेती एका तासात खारी होते. म्हणून वैशाखातच, उधाणाच्या भरतीच्या वेळी, गावकऱ्यांनी बांधाच्या आतल्या बाजूने पायी फेरी मारावी. ओहोटीत केलेल्या पाहणीत न दिसणारी गळती त्या वेळी स्वतःच दिसते. तिची जागा काठी रोवून खुणावावी आणि ओहोटी लागताच ती जागा खणून, बीळ मोकळे करून, चिकण माती थराथराने ठोकून भरावी. वरून नुसती माती टाकल्याने बीळ बुजत नाही, झाकले जाते एवढेच. उघाडीच्या झडपांकडेही याच वेळी पाहावे. आतले पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर जावे आणि बाहेरची भरती आत येऊ नये यासाठी ती झडप असते; तिच्यात अडकलेले एक लाकूड किंवा प्लॅस्टिकचा एक गठ्ठा तिला अर्धवट उघडी ठेवण्यास पुरतो. काही ठिकाणी मासे धरण्यासाठी उघाडी मुद्दाम अडवून ठेवतात. उधाणाच्या दिवसांत तरी गावकीने याला सक्त मनाई करावी. बांधापुढची तिवरे तोडणाराने आपल्याच बांधाचा कठडा तोडला असे समजावे, कारण लाटेचा पहिला मार ती आपल्या अंगावर घेतात.

पाणी ओसरल्यानंतरची कामे घाईने बिघडतात. वायरमनने तपासल्याखेरीज विजेचा खटका चढवू नये, आणि खाऱ्या पाण्यात बुडालेली मोटार किंवा पंप चालू करून पाहू नये; आधी गोड्या पाण्याने धुऊन तो कारागिराकडे न्यावा. चिखलात अनवाणी हिंडू नये. पायाला जखम असेल तर विशेषच, कारण उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. अशा पाण्यातून चाललेल्या माणसाला पुढील दोन-तीन आठवड्यांत ताप आल्यास डॉक्टरांना ती गोष्ट आवर्जून सांगावी. विहिरीत समुद्राचे पाणी शिरले असेल तर उकळून ते गोडे होत नाही, हे ध्यानी घ्यावे. गाळ काढावा, विरंजक चूर्ण घालावे, पण पंप लावून विहीर पुनःपुन्हा तळापर्यंत उपसू नये. किनाऱ्याजवळच्या विहिरीचा जोराने उपसा केल्यास भूगर्भातून आणखी खारे पाणी आत ओढले जाते. तोवर पिण्यासाठी टँकरचे किंवा पावसाचे धरलेले पाणी वापरावे.

नुकसानीची साफसफाई करण्यापूर्वी तिची छायाचित्रे घ्यावीत, भिंतीवरची पाण्याची रेषा त्यांत यावी, आणि तलाठ्याकडे लेखी अर्ज देऊन पंचनामा लवकर करून घ्यावा. पंचनाम्याची नक्कल मागून घेण्यास संकोचू नये. खार लागलेल्या शेतात मात्र कागदाने काम भागत नाही. तेथे जोराचा पाऊस बांधून धरावा, पाणी एक-दोन दिवस जमिनीत मुरू द्यावे आणि भांगाच्या किंवा उधाणाच्या ज्या ओहोटीला उघाडी मोकळी वाहते त्या वेळी ते सोडून द्यावे; असे अनेकदा केल्यावर मातीतील मीठ धुऊन जाते. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने अशाच जमिनींसाठी ‘पनवेल-१’, ‘पनवेल-२’ आणि ‘पनवेल-३’ ही भाताची वाणे काढलेली आहेत. त्यांच्या बियाण्याची तजवीज मृगापूर्वी करावी आणि लावणीची घाई न करता, धुतलेल्या मातीचा नमुना तपासून आल्यावरच रोपे खाचरात न्यावीत.